भासांआधीचे बालपण

समजा, बोईसरच्या एका चाळीतला एकोणीस वर्षांचा मुलगा. तारापूर एमआयडीसीत रात्रपाळी करतो. एक दिवस आईने दिलेला डबा न उघडताच परत आणतो. भाजीत कोणीतरी काही कालवले आहे, असे त्याला वाटते. मग तो खिडकीला वर्तमानपत्र चिकटवतो. शेजारी म्हणतात, ‘बाहेरचं झालंय.’ भगत होतो, उतारा होतो, आणि मानसोपचारतज्ज्ञाची गाठ पडेपर्यंत वर्ष सरते.

हे सरलेले वर्ष हाच भास-भ्रमांच्या आजाराची सुरुवात शोधणाऱ्या अभ्यासक्षेत्राचा उंबरठा. हा आजार, म्हणजे सायकोसिस, उपचारांविना जितका लांबतो तितके सावरणे अवघड होते. मेलबर्नमध्ये मानसोपचारतज्ज्ञ पॅट्रिक मॅकगोरी यांनी १९९२ मध्ये अशा तरुणांसाठी स्वतंत्र केंद्र उभारले. आपल्या मुंबईत डॉ. अमरेश श्रीवास्तव यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा दहा वर्षे मागोवा घेतला. लक्षणे ओसरलेल्यांतही आत्महत्येचा धोका उरतो, हे त्यांनी २०१० मध्ये मांडले. घर बदलणाऱ्या, पत्ता हरवणाऱ्या माणसांना या शहरात दहा वर्षे शोधत राहणे सोपे नाही. त्याचे कौतुक आपण फारसे केले नाही.

या क्षेत्राचा दुसरा धागा बालपणात जातो. मारहाण, लैंगिक अत्याचार, आबाळ सोसलेल्या मुलांत पुढे सायकोसिसची शक्यता पावणेतीन पटींच्या आसपास आढळते, असे २०१२ च्या एका मोठ्या संकलनातून दिसले. वाचकांनी हा आकडा सावकाश वाचावा. आघात सोसलेल्या बहुतेक मुलांना हा आजार होत नाही. आणि आजारी मुलाच्या घरी आघात झालाच असेल, असेही नाही. एकेकाळी मानसशास्त्राने सरसकट आयांना दोषी ठरवले होते. ती चूक पुन्हा नको.

आणखी एक सावधगिरी. बालपणातले आघात मोजणाऱ्या प्रचलित प्रश्नावल्या बहुतेक पाश्चात्त्य देशांत घडल्या. जव्हार-मोखाड्याहून आईबापांमागे वीटभट्टीवर गेलेले, शाळा अर्ध्यावर सुटलेले मूल त्यांत कुठे बसवायचे? नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाच्या धक्क्यांच्या भीतीने घराबाहेर झोपलेल्या मुलांच्या रात्री कोणत्या रकान्यात लिहायच्या? पालघरच्या तरुण अभ्यासकाला इथे मोकळे रान आहे.

तुम्ही डॉक्टर नसाल तरी बिचकू नका. आधी माणसांच्या हकिकती वाचा, आकडे मागाहून. आणि असा न उघडलेला डबा तुमच्याच घरी परत आला, तर पुस्तक मिटून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते.