अटलजींचे न्यूयॉर्कमधील हिंदी भाषण

* ‘अटलजींचे न्यूयॉर्कमधील हिंदी भाषण’ : हे भाषण ४ ऑक्टोबर १९७७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेच्या ३२व्या अधिवेशनात झाले. लेखकाने येथे वाजपेयींना ‘पंतप्रधान’ म्हटले आहे. त्या वेळी ते मोरारजी देसाईंच्या जनता सरकारात परराष्ट्रमंत्री होते. आमसभेतील पहिले हिंदी भाषण म्हणून ते ओळखले जाते. हिंदी तेव्हा आमसभेच्या अधिकृत भाषांत नव्हती, आजही नाही. मात्र अरबी, इंग्रजी, चिनी, फ्रेंच, रशियन व स्पॅनिश या सहा भाषा सोडून अन्य भाषेत बोलायला तेथे मज्जाव नाही. नियम ५३ नुसार सहांपैकी एका भाषेत भाषांतर करणाऱ्या दुभाष्याची सोय वक्त्याने स्वतः करायची असते. बाकीच्या भाषांचे दुभाषे ते भाषांतर ऐकून आपापले भाषांतर करू शकतात. साहजिकच असे भाषण आयत्या वेळी सुचले म्हणून करता येत नाही.

भाषेच्या कौतुकात आशय मागे पडतो. जनता सरकार येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. वाजपेयींनी ‘वसुधैव कुटुंबकम्’चा दाखला दिला, राष्ट्रांच्या सत्तेपेक्षा सामान्य माणसाची प्रतिष्ठा व प्रगती आपल्याला मोलाची वाटते असे सांगितले आणि आफ्रिकेतील वर्णद्वेषी अल्पमताच्या राजवटीवर टीका केली. आणीबाणीत ते स्वतः स्थानबद्ध होते, हे ध्यानात घेतले की या मुद्द्यांवरचा भर उलगडतो. मूळ मजकुरातील ‘पंतप्रधान’ हा उल्लेख तसाच ठेवला आहे. — संपा.