चाई

चाई : डोके, दाढी, भुवया किंवा अंगावरील केस एखाद्या जागी गोल चकतीच्या आकारात एकाएकी गळून जाण्याचा विकार. आधुनिक वैद्यकात यास ‘अ‍ॅलोपेशिया एरिएटा’, तर आयुर्वेदात ‘इंद्रलुप्त’ म्हणतात. सुश्रुतसंहितेत त्याची गणना क्षुद्ररोगांत केली आहे.

कारणे : केसांना कीड लागून चाई पडते, हा रूढ समज निराधार आहे. ती संसर्गजन्यही नाही. फणी किंवा वस्तऱ्यातून पसरत नाही. शरीराच्या संरक्षक टी पेशी वाढत्या केसाच्या मुळावरच हल्ला करतात, तेथे दाह होतो आणि केस गळतो. मूळ मात्र नष्ट होत नाही, म्हणून केस पुन्हा उगवू शकतात. आनुवंशिकतेचा यात वाटा असतो. थायरॉइडचे विकार, कोड किंवा अ‍ॅटोपिक इसब असलेल्यांत चाईचे प्रमाण अधिक आढळते. आयुष्यात केव्हातरी चाई पडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २ टक्के असून पहिला चट्टा बहुधा चाळिशीच्या आत दिसतो.

लक्षणे : चट्टा गुळगुळीत असतो, त्यावर खवले किंवा व्रण नसतात. कडेला टोकाशी जाड व मुळाशी बारीक असे उद्गारचिन्हासारखे आखूड केस दिसतात. काहींच्या नखांवर बारीक खळगे पडतात. क्वचित संपूर्ण डोक्याचे, तर कधी सर्वांगाचे केस जातात.

निदान : लहान मुलांच्या डोक्यातील नायटा चाईसारखा भासतो, पण तो बुरशीमुळे होतो, खवले व खाज असते आणि तो इतरांना लागतो. त्यावर चाईचे स्टेरॉइड मलम लावल्यास तो बळावतो. पुरुषांचे आनुवंशिक टक्कल कपाळाच्या कडांपासून व माथ्यावर हळूहळू पडते.

उपचार : एकदोन लहान चट्टे पुष्कळदा वर्षभरात आपोआप भरून येतात, नवे केस प्रथम मऊ व पांढरे असतात, पुढे काळे होतात. प्रौढांत चट्ट्यामध्ये दर ४ ते ६ आठवड्यांनी ट्रायअ‍ॅम्सिनोलोन टोचतात. चाई फार पसरल्यास बॅरिसिटिनिबच्या गोळ्या देतात. या उपयोगास अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. त्या घेताना वेळोवेळी रक्ततपासणी लागते. बरी झालेली चाई पुन्हा उद्भवू शकते. चाईवर गुंज उगाळून लावण्याचा प्रघात आहे. परंतु गुंजेच्या बियांत अब्रिन हे जहाल विष असल्याने हा उपाय घरच्या घरी करू नये.