दावोसचे पहिले पाहुणे

दावोस म्हटले की आज स्कीइंग आठवते. पण सुमारे १५६० मीटर उंचीवरच्या या स्विस गावात हिवाळी पाहुणे प्रथम आले, ते क्षयाने ग्रासलेले. १८६५ पासून तिथली कोरडी, थंड हवा हेच औषध मानले गेले. रुग्ण घोंगड्या पांघरून तासन्‌तास उघड्या सज्जात पडून राहत.

आर्थर कॉनन डॉईलही तिथे आला तो पत्नी लुईझाच्या क्षयामुळे. सोबतच्या धडधाकट माणसांपुढे प्रश्न असे तो वेळ घालवण्याचा. २३ मार्च १८९४ रोजी डॉईलने स्थानिक ब्रांगर बंधूंबरोबर स्कीवरून खिंड ओलांडून आरोसा गाठले. लोक हसतात म्हणून हे बंधू आधी अंधारात सराव करत. त्याच वर्षी ‘स्ट्रँड’ मासिकात डॉईलने आपल्या आपटण्याचे गमतीदार वर्णन केले आणि इंग्रज इथे शेकड्यांनी येतील, असे भाकीतही केले. ते खरे ठरले.

१९३४ मध्ये दावोसला स्कीइंग करणाऱ्यांना चढावर ओढून नेणारी लिफ्ट सुरू झाली. पुढच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले; आरोग्यधामांची गरज ओसरली. शाट्झआल्पचे आरोग्यधाम १९५४ मध्ये हॉटेल झाले.

लुईझा १९०६ मध्ये गेली. स्कीइंगच्या इतिहासात उतारावरून घसरणाऱ्यांच्या नोंदी भरपूर आहेत. सज्जात पडून राहिलेल्यांचीही नोंद त्यात हवी. गावाचा हिवाळा जगाला प्रथम माहीत झाला, तो त्यांच्यामुळे.