एम-१६ च्या कुंद्यातलं वजन

वरणगावच्या कारखान्यात काडतुसं तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे व्हिएतनाममध्ये अडकलेल्या एम-१६ चा दोष कुणी नुसत्या रायफलीवर किंवा ती साफ न करणाऱ्या जवानावर टाकला, की मला राहवत नाही. सुरुवात काडतुसातल्या दारूपासून झाली होती.

यूजीन स्टोनरची रायफल ड्यूपाँटच्या आयएमआर दारूवर बेतलेली होती. गोळी सुटताना नळीतला थोडा वायू एका छिद्रातून मागे येतो आणि बोल्ट कॅरियरला ढकलतो. कॅरियर बोल्ट फिरवून त्याचे लग, म्हणजे अडकवणारे दात, सोडवतो आणि कुंद्यातला बफर व स्प्रिंग दाबत मागे जातो. १९६४ मध्ये अमेरिकी लष्कराने गोल दाण्यांची डब्ल्यूसी ८४६ दारू घेतली. तिचा दाब वायूच्या छिद्रापाशी जास्त. मिनिटाला ८५० गोळ्यांची मर्यादा रायफली ओलांडू लागल्या. पुंगळी चेंबरला घट्ट धरून असतानाच बोल्ट उघडायला बघे, लग ताणाखाली घासत सुटत, आणि कधी पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर तिची नुसती कड फाडून येई. परतताना कॅरियर आपटून उसळला, तर पुढची गोळी पेटतच नसे.

१९६६-६७ मध्ये जुन्या हलक्या बफरच्या जागी नवा आला: सुमारे १५० ग्रॅमचा, आत पोलादी वजनं आणि मधे रबराच्या चकत्या. कॅरियर आदळला की ही वजनं क्षणभर मागून येऊन त्याला दाबून धरतात, उसळू देत नाहीत. एकूण वजन वाढल्याने बोल्टही किंचित सावकाश उघडतो. फार हुशारीचं काम आहे हे.

पण त्याच काळात रायफली बनवणाऱ्या कोल्ट कंपनीला त्या पास करून घेताना जुन्या दारूची काडतुसं वापरायची मुभा होती, आणि जवानाच्या हातात मात्र नवी दारू. तपासणीच्या टेबलावर आयुष्य काढलेल्या माणसाला याचा संताप येतोच. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या इकॉर्ड समितीने दारू बदलण्याच्या निर्णयावर कडक ठपका ठेवला. चेंबरला क्रोमचा मुलामा आणि सफाईचं सामान त्यानंतर सर्रास मिळू लागलं.

बोल्ट लवकर उघडण्याचा हाच प्रश्न आखूड एम-४ मध्ये पुन्हा उभा राहिला. तिथे वायूचं छिद्र चेंबरच्या जवळ, म्हणून दाब आणखी जास्त. उपाय म्हणून बफरमधलं एक पोलादी वजन काढून टंगस्टनचं घातलं. त्याने बोल्टला थोडी उसंत मिळते, पण छिद्रापाशी दाब तेवढाच राहतो. म्हणून खूप वापरलेला बोल्ट आजही कॅम पिनच्या भोकापाशी किंवा एक्स्ट्रॅक्टरशेजारच्या लगापाशी तडकतो.