वळणाबाहेरचे बिंदू

संगणकाच्या पडद्यावर वळणदार आकृती काढणारा माणूस, मग ती लग्नपत्रिकेवरची वेलबुट्टी असो की एखाद्या दुकानाचे बोधचिन्ह, प्रत्यक्ष रेषेला क्वचितच हात लावतो. रेषेपासून दूर, मोकळ्या जागेत उभा असलेला एक लहानसा ठिपका धरून तो ओढतो आणि रेषा त्या बाजूला झुकते. अशा आकृतीला व्हेक्टर आकृती म्हणतात. तिच्यात रंगाचे ठिपके साठवलेले नसून मोजक्या बिंदूंची स्थाने आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या वळणाचा नियम साठवलेला असतो, आणि म्हणूनच ती पोस्टाच्या तिकिटाएवढी छापली काय किंवा चौकातल्या फलकाएवढी छापली काय, तिची कड सारखीच रेखीव राहते. वळणावरच्या बिंदूला नोड किंवा अँकर पॉइंट आणि वळणाबाहेरच्या बिंदूला हँडल ही नावे आता डीटीपी करणाऱ्या मराठी माणसांच्या तोंडीही रुळली आहेत. रेषा वळवण्यासाठी रेषेबाहेरचा बिंदू धरावा, ही व्यवस्था मात्र चित्रकारांनी मागितलेली नव्हती. ती फ्रान्समधील दोन मोटार कंपन्यांत जन्मली, आणि तिच्यामागे होता गाडीच्या पत्र्याचा खरा आकार कोणता मानायचा याविषयीचा एक जुना, कंटाळवाणा वाद.

वळण नेमके सांगण्याची अडचण मोटारींच्या कितीतरी आधीची आहे. सरळ रेषेला पट्टी पुरते, वर्तुळाला कंपास पुरतो. जहाजाच्या पोटाचा बाक मात्र या दोहोंच्या आवाक्यात येत नाही. म्हणून युरोपातील गोद्यांमध्ये जहाजाच्या फासळ्यांची वळणे एका प्रशस्त माळ्याच्या लाकडी जमिनीवर पूर्ण आकारात आखली जात, आणि त्यासाठी लाकडाची लांब, बारीक, लवचीक पट्टी वापरली जाई, तिला इंग्रजीत स्प्लाइन म्हणत. ठरवलेल्या जागांवरून ही पट्टी वाकवत नेत आणि ती सरकू नये म्हणून ठिकठिकाणी तिला अडकवत किंवा तिच्यावर वजने ठेवत. आराखड्याच्या मेजावर वापरायची शिशाची वजने पुढे चोच काढलेल्या पक्ष्यासारखी दिसत, म्हणून आखणीदार त्यांना ‘बदके’ म्हणत. या साध्या साधनाचा गुण असा, की दोन वजनांमध्ये पट्टी आपल्यावर कमीत कमी ताण येईल असाच बाक घेते, त्यामुळे कोठेही कोपरा किंवा हिसका उरत नाही. बाक फार तीव्र नसेल तर दोन वजनांमधला प्रत्येक तुकडा गणिताच्या भाषेत त्रिघाती असतो, म्हणजे त्याच्या समीकरणात चलाचा घन हा सर्वांत मोठा घात असतो, आणि लगतचे तुकडे असे सांधलेले असतात की सांधा डोळ्याला सापडत नाही. १९४६ मध्ये गणिती आयझॅक शोनबर्ग यांनी असे सांधलेले तुकडे अभ्यासाला घेतले तेव्हा त्यांना स्प्लाइन हेच नाव दिले. गोदीतला कारागीर ते गणित कधीपासून पट्टीकडून सोडवून घेत होता. पट्टीची उणीव एवढीच, की ती उचलली की वळण गेले. मागे उरे ती खडूची किंवा पेन्सिलीची रेघ, आणि तिच्यावरून कापलेला फळीचा साचा.

दुसऱ्या महायुद्धात विमाने मोठ्या संख्येने आणि निरनिराळ्या ठिकाणी तयार होऊ लागली, तेव्हा ही उणीव महागात पडू लागली. अमेरिकेतील नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या कंपनीत रॉय लायमिंग यांनी पी-५१ मस्टँग या लढाऊ विमानाच्या धडाची वळणे शंकुच्छेदांनी, म्हणजे शंकू तिरका कापल्यावर मिळणाऱ्या लंबवर्तुळासारख्या वक्रांनी, आकड्यांत मांडली आणि त्या पद्धतीवर १९४४ मध्ये पुस्तक लिहिले. फळीचा साचा दमट हवेत फुगतो आणि एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात नेताना घासला जातो. आकड्यांचा तक्ता टपालाने पाठवला तरी पोचेपर्यंत तसाच राहतो.

मोटारीच्या कारखान्यांत मात्र युद्धानंतरही जुनीच रीत चालू होती. शैलीकार आधी लहान प्रमाणात चित्रे काढीत, त्यांवरून मातीची प्रतिकृती घडे, प्रतिकृतीवरून मापे घेऊन आखणीदार पूर्ण आकाराचे आराखडे करीत, आणि शेवटी कुशल सुतार त्या आराखड्यांवरून एक मूळ नमुना तयार करीत, ज्याच्याशी ताडून पत्रा दाबण्याचे साचे कोरले जात. या साखळीतला प्रत्येक जण आधीच्याचे काम थोडेसे ‘सुधारत’ असे, कारण कागदावरच्या दोन छेदांच्या मधल्या जागेत पृष्ठभाग कसा जातो हे आराखडा सांगतच नसे. ते ज्याच्या हातात काम असेल त्याच्या नजरेवर सोपवलेले असे. परिणामी दरवाजा आणि चौकट जुळली नाही की शैलीकार सुताराकडे बोट दाखवी, सुतार आराखड्याकडे, आणि आराखडा मातीच्या प्रतिकृतीकडे. आकार कोणाचा मानायचा या प्रश्नाला अखेरचे उत्तर कोठेच नव्हते.

पिएर बेझिए (१९१०–१९९९) यांनी या प्रश्नाकडे पाहिले ते अवजारे आणि यंत्रे उभारणाऱ्या अभियंत्याच्या बाजूने. ते १९३३ मध्ये रेनो कंपनीत दाखल झाले आणि ४२ वर्षे तेथेच राहिले. गणितातली डॉक्टरेट त्यांनी मिळवली ती निवृत्तीनंतर, १९७७ मध्ये. १९६० च्या सुमारास त्यांनी असा आग्रह धरला की आकाराची अधिकृत व्याख्या आकड्यांतच असावी, आणि आखणारे यंत्र व कोरणारे यंत्र ही दोन्ही त्याच आकड्यांवर चालावीत, म्हणजे मधल्या कोणालाही ‘सुधारणा’ करायला जागाच उरणार नाही. पण शैलीकाराच्या हाती समीकरणातले सहगुणक देऊन उपयोग नव्हता. सहगुणक बदलला तर वळण कोणत्या बाजूला जाईल हे गणितीही चटकन सांगू शकत नाही. बेझिए यांनी काढलेला तोडगा असा: एका घनाकृती पेटीत एक मूळ वळण बसलेले आहे अशी कल्पना करायची, आणि पेटी तिरपी केली, ताणली, चेपली की आतले वळणही तिच्याबरोबर तिरपे होते, ताणले जाते, चेपले जाते. वळणाला हात न लावता त्याचे घर हलवायचे, एवढी ती साधी युक्ती होती. पुढे पेटीच्या जागी तिच्या कडांची मोडती रेषा आली, आणि त्या रेषेच्या टोकांना व कोपऱ्यांना नियंत्रण बिंदू म्हणू लागले. या पायावर उभारलेली युनिसर्फ ही प्रणाली १९६८ च्या सुमारास रेनोत प्रत्यक्ष कामाला लागली. बेझिए यांनी आपली पद्धत उघडपणे प्रसिद्ध केली होती, त्यामुळे वळणाला त्यांचे नाव मिळाले.

त्यांच्या आधीच हीच वळणे दुसऱ्या कोणाला सापडली होती, हे जगाला उशिरा कळले. १९५८ मध्ये सित्रोएन कंपनीत नोकरीला लागलेले तरुण गणिती पॉल द कास्तेलझो (१९३०–२०२२) यांनी १९५९ मध्येच वळणाबाहेरच्या बिंदूंनी, ज्यांना ते ध्रुव म्हणत, वळण ठरवण्याची पद्धत लिहून काढली होती. परंतु कंपनीने ती गुपित मानून कपाटात ठेवली, आणि जर्मन गणिती वोल्फगांग बोएम यांच्या हाती या पद्धतीचे अहवाल १९७५ मध्ये लागेपर्यंत बाहेर कोणाला तिचा पत्ता नव्हता. नावाचा मान एकाला आणि रोजच्या वापरातली कृती दुसऱ्याची, अशी ही वाटणी पडली. मुळाशी दोघांचेही गणित सर्गेई बर्नस्टाइन यांनी १९१२ मध्ये वेगळ्याच हेतूने मांडलेल्या बहुपदींशी जाऊन मिळते.

द कास्तेलझो यांची कृती इतकी साधी आहे की ती आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने करून पाहता येते. डावीकडे खाली (०, ०), त्याच्या वर (०, १००), उजवीकडे वर (१००, १००) आणि उजवीकडे खाली (१००, ०) असे चार बिंदू घ्यावेत. पहिला आणि शेवटचा हे वळणाचे नोड, मधले दोन हँडल. लगतच्या बिंदूंमधले मध्य काढले की (०, ५०), (५०, १००) आणि (१००, ५०) हे तीन बिंदू मिळतात. त्या तिघांच्या मध्यांतून (२५, ७५) आणि (७५, ७५) हे दोन मिळतात. आणि त्या दोघांचा मध्य (५०, ७५) हा वळणाचा नेमका माथा असतो. हँडल १०० च्या उंचीवर आहेत आणि वळण ७५ वरच थांबते, म्हणजे वळण हँडलकडे झुकते पण तेथे कधीच पोचत नाही. आकडेमोड येथे संपते, तरी तिचे फळ अजून उरलेच आहे, कारण वाटेत सापडलेले (०, ५०) आणि (२५, ७५) हे बिंदू डाव्या अर्ध्या वळणाचे तयार हँडल असतात आणि त्यांच्या समोरचे दोन उजव्या अर्ध्याचे. आज कोणत्याही व्हेक्टर प्रणालीत वळणाच्या मध्यावर नवा नोड घातला तर आकार तसूभरही न हलता दोन नवी हँडल उगवतात, ती याच बेरजा-भागाकारांतून आलेली असतात.

पडद्यावर आकृती धरून बदलण्याचा मार्ग वेगळ्याच दिशेने आला. आयव्हन सदरलंड यांनी जानेवारी १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सादर केलेल्या प्रबंधातील स्केचपॅड या प्रणालीत प्रकाशलेखणीने टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर रेघा ओढता येत, त्यांतल्या दोन समांतर राहाव्यात किंवा समान लांबीच्या असाव्यात अशी अट घालता येई, आणि एका मूळ आकृतीच्या अनेक नकला करून मूळ बदलली की सगळ्या नकला आपोआप बदलत. स्केचपॅडला सरळ रेषा आणि वर्तुळाचे कंस एवढेच ठाऊक होते. मोटारवाल्यांचे मुक्त वळण तिच्यात नव्हते. हे दोन प्रवाह एकत्र यायला दोन दशके लागली.

ते एकत्र आणणाऱ्यांपैकी जॉन वॉरनॉक हे आधी सदरलंड यांनी डेव्हिड इव्हान्स यांच्यासह स्थापन केलेल्या कंपनीत आणि नंतर झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात काम करीत होते. १९८२ मध्ये त्यांनी चार्ल्स गेश्की यांच्याबरोबर अडोबी ही कंपनी काढली आणि १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट आणली. पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा: येथे जा, येथपर्यंत सरळ रेघ ओढ, येथपर्यंत अमुक दोन हँडलांनी वळण घे, आतला भाग भर, अशा आज्ञा तिच्यात मुद्रकाला दिल्या जातात, आणि त्यातले वळण बेझिए यांचेच त्रिघाती वळण असते. या भाषेला वर्तुळही याच वळणांनी भागवून घ्यावे लागते, आणि काटेकोर बोलायचे तर चार बेझिए वळणे जोडून वर्तुळ कधीच होत नाही. त्रिज्या १०० असेल तर प्रत्येक हँडल ५५.२३ एवढे लांब ठेवतात आणि मग चूक ०.०३ च्या आत राहते. अशा वळणांनी काढलेला प्रत्येक ‘गोल’ किंचित खोटा असतो, आणि आजवर कोणत्याही गिऱ्हाइकाने तो परत केलेला नाही.

पोस्टस्क्रिप्टच्या आज्ञा हाताने टंकित करणे हे चित्रकाराचे काम नव्हे, म्हणून १९८७ मध्ये अडोबीने मॅकिंटॉशसाठी इलस्ट्रेटर बाजारात आणला. त्यातले पेन हे साधन टिचकी मारून नोड ठेवी आणि टिचकी न सोडता ओढले तर हँडल बाहेर काढी. पहिल्या आवृत्तीत संपादन फक्त काळ्या बारीक कडांवरच होई. रंग भरलेले रूप पाहायचे तर वेगळ्या दृश्यात जावे लागे, आणि तेथे काही बदलता येत नसे. चित्र मागे ठेवून त्यावरून गिरवण्याची सोय होती. हे साधन हाताला इतके अनोळखी होते की खोक्यात वॉरनॉक यांनी स्वतः करून दाखवलेल्या कामाची व्हिडिओ फीत घातलेली असे. १९८८ मध्ये फ्रीहँड आणि १९८९ मध्ये कॅनडातील ओटावाच्या कोरल कंपनीचा कोरलड्रॉ आला, आणि तो विंडोजवर चालणारा असल्यामुळे भारतातील छापखाने आणि डीटीपीची दुकाने त्याच्याकडे वळली.

महाराष्ट्रात वळणदार आकार नेमका धरून ठेवण्याचे काम त्यापूर्वी एक शतकभर खिळ्यांनी केले होते. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागरसारख्या मुंबईच्या छापखान्यांसाठी कारागीर अक्षराचा ठसा पोलादाच्या टोकावर कोरीत, तो तांब्याच्या तुकड्यात ठोकीत आणि त्या खळग्यात शिशाचे खिळे ओतीत. ‘क’ चा पोटाचा फुगवटा ठशात एकदा कोरला की वर्षानुवर्षे तसाच छापला जाई, आणि बदलायचा तर नवा ठसा कोरावा लागे. संगणकावर तोच फुगवटा पाच-सहा नोडांत बसतो. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात असताना घडवलेला आणि विंडोज २००० बरोबर पोचलेला मंगल हा फाँट अशाच नोडांचा आहे, फरक एवढाच की ट्रूटाइप या त्याच्या फाँट-पद्धतीत वळण द्विघाती असते आणि प्रत्येक तुकड्याला दोनांऐवजी एकच हँडल पुरते.

प्रत्येक अक्षराला एकच ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या आधीच्या काळात प्रत्येक मराठी फाँट आपापल्या सोयीने रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी तुकडे बसवी, आणि छापखान्यातल्या संगणकावर तो फाँट नसला तर साऱ्या पत्रिकेचा चिवडा होई. त्यावर कोरलड्रॉ वापरणाऱ्यांनी काढलेला उपाय आजही एका वाक्यात सांगितला जातो: फाइल कर्व्ह करून पाठवा. कंट्रोल आणि क्यू या कळा दाबल्या की मजकुरातली अक्षरे अक्षरे राहत नाहीत, नोड आणि हँडल असलेल्या आकृत्या होतात. छापखान्यात फाँट असो वा नसो, पत्रिका जशीच्या तशी छापली जाते, आणि मूळ नमुना कोणाचा मानायचा हा रेनोतला प्रश्न येथे दोन कळांत मिटतो. अडचण येते ती फाइल कर्व्ह झाल्यावर शुद्धलेखनाची चूक सापडली आणि मूळ फाइल हाताशी नसली तर. ऱ्हस्व वेलांटी दीर्घ करायला तेव्हा कळफलक निरुपयोगी ठरतो. चालकाला शेप टूल घेऊन वेलांटीचे नोड तोडावे लागतात, तुटलेला तुकडा आडवा उलटवून अक्षराच्या दुसऱ्या अंगाला न्यावा लागतो, आणि पडदा मोठा करून एकेक हँडल ओढत ती शिरोरेषेशी अशी जुळवावी लागते की सांधा दिसू नये.