थांबलेले हृदय आणि पहिली दहा मिनिटे

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील काष्टी हे गाव जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. समजा, बाजाराच्या गर्दीत एखादा माणूस एकाएकी कोसळला. हाकेला ओ नाही, श्वास नीट चालत नाही. त्याचे हृदय थांबले आहे. तो वाचणे कशावर अवलंबून असते? या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास फार जुना नाही.

१९४७ मध्ये क्लीव्हलंड येथे क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रिया चालू असताना एका मुलाच्या हृदयाला विजेचा झटका देऊन ते पुन्हा चालू केले. पण त्यासाठी छाती उघडावी लागली. बाजारात हे कसे जमणार?

त्याचे उत्तर वीज कामगारांच्या अपघातांतून मिळाले. विजेच्या धक्क्याने हृदय का थांबते, याचा अभ्यास बाल्टिमोरचे विद्युत अभियंते विल्यम कौवेनहोवन करीत होते. १९५८ मध्ये त्यांचे सहकारी गाय निकरबॉकर यांना दिसले, की झटका देण्याचे इलेक्ट्रोड कुत्र्याच्या छातीवर दाबताच रक्तदाब वाढतो. म्हणजे बाहेरून दाबूनही रक्त पुढे ढकलता येते! शल्यविशारद जेम्स ज्यूड यांच्यासह त्यांनी १९६० मध्ये २० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी १४ वाचले होते. पण ते रुग्णालयातले रुग्ण होते.

१९६६ मध्ये बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांनी झटक्याचे यंत्र रुग्णवाहिकेत बसवले. तरीही गाडी पोचेपर्यंतची मिनिटे उरलीच. म्हणून १९७०च्या दशकात सिएटलमध्ये लिओनार्ड कॉब यांनी सामान्य नागरिकांनाच छाती दाबण्याचे शिक्षण देण्यास सुरुवात केली.

यामागचे गणित साधे आहे. काहीच न केल्यास झटक्याला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिरागणिक जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. छाती दाबत राहिल्यास ही घट बरीच मंदावते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. पण ताशी ६० किलोमीटर वेगानेही १५ किलोमीटरला १५ मिनिटे लागतात. तोवर रुग्णाजवळ असतात ते फक्त बाजारकरी.

म्हणून पहिले काम १०८ ला कळवणे. दुसरे, छातीच्या मध्यभागी तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबणे. विजेचा धक्का असेल, तर आधी वीजपुरवठा बंद करावा. बारा वर्षांपासूनच्या मुलांना हे वर्षातून दोन तास शिकवावे, या शिफारशीला जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये पाठिंबा दिला आहे. वर्षाच्या वेळापत्रकातले हे दोन तास आपल्याला सहज काढता येतील.