जुनी बार्सिलोना केव्हा बांधली?

बार्सिलोनाला निघालेल्या माणसाच्या हाती जाऊन आलेले लोक जी यादी ठेवतात, तिच्यात फारसा फरक नसतो. गॉथिक मोहल्ल्यात पायी भटका, कॅथिड्रलसमोर फोटो काढा, बिस्बे गल्लीवरच्या नक्षीदार पुलाखालून जा, 'एल्स क्वात्र गात्स'मध्ये कॉफी घ्या, मग रात्री तापास खात या बारमधून त्या बारमध्ये. सल्ला वाईट नाही. गल्ल्या सुंदर आहेत आणि तापासबद्दल तक्रार करण्याचं कारण नाही. पण या सगळ्यामागचं एक गृहीतक तपासून पाहायला हवं. हा भाग मध्ययुगापासून जसाच्या तसा टिकला आणि म्हणून लोक तो बघायला येऊ लागले, असं आपण धरून चालतो. इमारतींची बांधकामवर्षं मांडून पाहिली तर क्रम उलटा निघतो. लोकांनी आपल्याकडे यावं, असं शहराला आधी वाटलं. त्यांना दाखवण्याजोगा मोहल्ला मग पुढच्या पन्नास-साठ वर्षांत घडवला गेला.

सुरुवात कॅथिड्रलपासूनच करावी. त्याचं बांधकाम 1298 साली सुरू झालं आणि आतला भाग खरोखरच मध्ययुगीन आहे. दर्शनी बाजू मात्र कित्येक शतकं साध्या भिंतीसारखी पडून होती. 1408 सालच्या एका फ्रेंच कारागिराचा आराखडा तेवढा जपलेला होता. त्याचा आधार घेऊन, मान्वेल जिरोना या बँकवाल्याच्या पैशातून, 1887 ते 1890 या काळात आजचा नक्षीदार दर्शनी भाग उभा राहिला. मधला उंच मनोरा पुरा व्हायला 1913 उजाडलं. म्हणजे ज्या दगडी जाळीकामासमोर उभं राहून प्रवासी मध्ययुगाची कल्पना करतो, ते पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या वयाचं आहे. बिस्बे गल्लीवरचा पूल तर त्याहून तरुण. गौदीच्या हाताखाली काम केलेल्या जुआन रुबिओ या वास्तुकाराने तो 1928 साली बांधला, दुसऱ्याच वर्षी शहरात आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरणार होतं. पुलाच्या पोटाशी खंजीर खुपसलेली एक कवटी कोरली आहे. तिच्याभोवती गाइड लोकांनी रचलेल्या दंतकथा पुलापेक्षाही नव्या असणार. कॉफीची शिफारसही याच जातीची. 'एल्स क्वात्र गात्स' 1897 साली उघडलं, तेही पुइग इ कादाफाल्क या वास्तुकाराने नुकत्याच बांधलेल्या, गॉथिक थाटाच्या नव्याकोऱ्या इमारतीत. तरुण पिकासोची चित्रं 1900 साली तिथे लागली आणि 1903 मध्ये ते बंदही पडलं; आज आपण बसतो ते पुष्कळ नंतर झालेलं पुनरुज्जीवन.

हे घडलं त्यामागे दोन प्रेरणा होत्या. पहिली राजकीय. कापडगिरण्यांवर श्रीमंत झालेल्या कातालान मध्यमवर्गाला माद्रिदपुढे मिरवायला एक वैभवाचा काळ हवा होता आणि तो त्यांना मध्ययुगात सापडला, जेव्हा बार्सिलोनाचे राज्यकर्ते भूमध्य समुद्रावर सत्ता गाजवत होते. त्या काळाची शैली गॉथिक, म्हणून गॉथिक तेवढं आपलं. नंतरचं बरोक ते परक्या सत्तेच्या काळातलं, म्हणून दुय्यम. दुसरी प्रेरणा पैशाची. बाहेरगावच्या लोकांना शहराकडे ओढण्यासाठी 1908 साली इथे एक स्वतंत्र संस्थाच निघाली. त्याच वर्षी व्हिया लायेताना हा बंदराकडे जाणारा रुंद रस्ता जुन्या वस्तीच्या मधून फोडायला सुरुवात झाली. हजारो गरिबांची घरं गेली. पाडकामातून वाचवलेले जुने दगड आणि कोरीव खिडक्या कॅथिड्रलच्या आसपास नव्याने बसवल्या गेल्या. पादेयास नावाचा वाडा 1931 साली दगड दगड सुटा करून राजचौकात आणून उभा केला. पायासाठी खणताना खाली रोमन शहर लागलं, हा त्यातला योगायोग. आज तिथे शहराच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. खरी जुनी वस्ती पाडली आणि तिच्याच मालातून 'जुना मोहल्ला' सजवला, असा हा व्यवहार.

यावर कोणी म्हणेल की डागडुजी कुठल्या जुन्या शहरात होत नाही? होते. पण डागडुजी म्हणजे जे होतं ते परत उभं करणं. बिस्बे गल्लीत असा पूल आधी कधीच नव्हता, आणि 1408 चा आराखडा कागदावरच राहिला होता. सगळंच बनावट आहे, असंही माझं म्हणणं नाही. चौदाव्या शतकातलं तिनेल दरबारगृह अस्सल आहे. मठाचं चर्च म्हणून वापरात असताना त्यावर बरोक साज चढला होता, तो उतरवल्यावर मूळच्या कमानी दिसल्या. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शंभर वर्षं उभी असलेली वास्तू हाही इतिहासच नाही का? जरूर आहे, आणि माझा आग्रह तेवढाच आहे. तो इतिहास त्याच्या खऱ्या तारखेने सांगावा. एका महत्त्वाकांक्षी औद्योगिक शहराने स्वतःसाठी भूतकाळ कसा बांधला, ही गोष्ट कवटीच्या दंतकथेपेक्षा कितीतरी रंजक आहे.

प्रवाशाला एवढ्या तारखा हव्यात कशाला, हा तिसरा प्रश्न. त्याचं उत्तर सांत फेलीप नेरीच्या चौकात मिळतं. इथली कारागीर संघांची देखणी जुनी घरं दुसरीकडून आणून बसवलेली आहेत आणि चौकाला आजचं रूप आलं ते 1950 च्या दशकात. चर्चच्या भिंतीवर मात्र खोल खड्डे आहेत. 30 जानेवारी 1938 रोजी स्पेनच्या यादवी युद्धात जनरल फ्रँकोच्या बाजूच्या विमानांनी टाकलेल्या बॉम्बनी इथे 42 माणसं मारली, त्यातली बहुतेक मुलं. पुढे फ्रँकोच्या राजवटीत हे व्रण गोळ्या घालून केलेल्या हत्यांचे, म्हणजे विरोधकांच्या पापाचे, असं सांगितलं जाई. दगड कधीचा आणि त्यावरची खूण कशाची हे विचारायची सवय नसेल, तर असा खोटा खुलासाही पुलावरच्या दंतकथेइतक्याच सहज गळी उतरतो.

तेव्हा यादीत एक बदल सुचवतो. अस्सल कातालान गॉथिक पाहायचं असेल तर गॉथिक मोहल्ल्यातून बाहेर पडा, व्हिया लायेताना ओलांडा आणि रिबेरा भागातल्या सांता मारिया देल मारमध्ये जा. 1329 ते 1383 एवढ्याच काळात ते बांधून झालं आणि त्यासाठी बंदरावरच्या हमालांनी मोंजुइक टेकडीवरच्या खाणीतून पाठीवर दगड वाहिले. त्याचा आतला साधेपणा मनात भरतो. फक्त त्याचंही श्रेय सगळंच चौदाव्या शतकाला देऊ नका. 1936 च्या आगीत आतली बरोक सजावट जळून गेली, त्यानंतरचा तो साधेपणा आहे.